आत दुमडलेली चार बोटं

त्या खोक्यातून टेलरबाईंना मिळणार होतं ते एवढंच: भांडण झालं तर जिंकता येणार होतं. कुणी गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "अहो, जास्त आखूड केलीत" म्हणालं, की बाई टेबलाखालचं पत्र्याचं खोकं ओढायच्या, चिठ्ठीचा नंबर जुळवून टाचणी लावलेली पट्टी काढायच्या आणि त्याच्या नाकासमोर धरायच्या. "चार बोटं म्हणालात. मोजा." कापलेल्या कापडाचा तुकडा न् तुकडा त्यांनी असा जपला होता. बावीस वर्षांत एकही वाद त्या हरल्या नव्हत्या.

"सगळ्या गावाचे पाय हिनं ओलीस ठेवलेत," इस्त्रीच्या टेबलामागून नवरा म्हणायचा.

आज ते खोकं उघडं होतं, आणि समोर एका बसड्रायव्हरची आई बसली होती. दुकानासमोरच्या बसथांब्यावर रांगेतल्या माणसांवर एकाने गोळ्या झाडल्या, त्याला सात आठवडे झाले होते. तो कोण, त्याने असं का केलं, हे वर्तमानपत्रं रोज वेगळं सांगत. मेलेले तेवढे रोज अकराच राहिले. त्यांतला एक तिचा मुलगा. एक बाईंचा नवरा.

मुलाने दुरुस्तीला टाकलेली पँट न्यायला ती आली होती.

"अकरा जणांची मिळून एक गोधडी करावी म्हणते," ती म्हणाली. "थांब्याच्या वेटिंग हॉलच्या भिंतीवर लावू. पण कापड आणा म्हटलं की सगळी घरं गप्प होतात. कपाटं भरलेली आहेत हो, पण कात्री कोण घालणार? मीसुद्धा त्याचा शर्ट पसरला, कात्री उघडली आणि वाटलं, लागेल त्याला."

बाईंनी पँटची घडी पुढे केली आणि वाद नसतानाही, निव्वळ सवयीने, तिची पट्टी काढून वर ठेवली. निळी, चार बोटं रुंद, कडेला जुन्या टाक्यांची भोकं.

"हे त्याचं?"

"जास्तीचं निघालं ते."

"बुटकंच राहिलं गाढव माझं," म्हातारी म्हणाली. मग ती वाकली, पट्टी जमिनीलगत धरली आणि नजर सावकाश वर नेली: गुडघा, कंबर, खांदा. जिथे ती थांबली तिथे बाईंनाही क्षणभर माणूस उभा दिसला.

"बाई, हे तर आधीच कापलेलं आहे," ती हळूच म्हणाली. "त्याच्यासमोर. त्यानंच सांगितलं म्हणून."

मग घरं एकेक करून आली. त्या थांब्यावरचं प्रत्येक माणूस कधी ना कधी बाईंच्या आरशासमोर उभं राहिलेलं होतं. शिपायाच्या बाहीची खाकी पट्टी मिळाली, नर्सच्या पांढऱ्या कोटाचा काठ मिळाला. कॉलेजातल्या मुलीच्या लाल स्कर्टच्या तर दोन पट्ट्या निघाल्या. आठवड्याच्या अंतराने दोनदा आली होती ती, 'अजून दोन बोटं, पण आईला सांगू नका' म्हणत. आईने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा रागावली.

"कार्टी! मला म्हणाली, धुऊन आटला!"

हसताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

बाई बघत राहिल्या. हे खोकं त्यांनी माणसांवर विश्वास नव्हता म्हणून भरलं होतं. आता माणसं त्यात हात घालण्याआधी मागच्या नळावर हात धुऊन येत होती.

मांजरपाटाचे अकरा चौकोन कापून झाले, एकेकाच्या मधोमध पट्टी टाचली जाऊ लागली. दहा भरले. नणंद मांडामांड करायला आली होती, तिचं बोट अकराव्यावर थांबलं.

"वहिनी, दादाची कुठंय?"

"नाही."

"का? त्याच्याशी कधी भांडलीच नाहीस?"

"रोज भांडले. पुरावा कधी लागला नाही." बाई दोरा ओवत म्हणाल्या. "आणि त्याची पँट मी कधी कापलीच नाही. आत दुमडून शिवायची. तो म्हणायचा, कापून टाक ना, किती कोंबतेस, पाय जड होतात. मी म्हणायची, असू दे, दुमड उसवता येते."

"म्हणजे आता..."

"गोधडी दहाची होईल. मी शिवतेय, तेवढं पुरे."

"रिकामा चौकोन मी भिंतीला लावू देणार नाही," ड्रायव्हरची आई कोपऱ्यातून म्हणाली. "त्या दिवशी माझ्या पोराचा इस्त्री केलेला कोट द्यायला थांब्यावर धावला होता तो. बस सुटेल म्हणून. ड्रायव्हरला टाकून बस सुटते होय हो? पण धावला."

बाई उठून इस्त्रीच्या टेबलाकडे गेल्या. तिथे हँगरला राखाडी पँट होती, त्या सकाळी त्याने दुसऱ्या दिवसासाठी इस्त्री करून लावलेली. सात आठवडे तिला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी ती टेबलावर पसरली आणि एका पायाची शिलाई टाका-टाका करून उसवली.

दुमड उलगडली तशी नणंद पुढे वाकली. आतलं कापड काळंभोर होतं, उन्हाची तिरीपही न लागलेलं.

"एवढी काळी होती दादाची पँट?"

"नवी होती तेव्हा," बाई म्हणाल्या. त्याही विसरल्या होत्या.

त्यांनी टेप लावली. परत लावली. खडूने रेघ मारली.

"चारच बोटं ना?" नणंदेने विचारलं.

"चारच. जास्त कापलं तर भांडायला कोण येणार आहे?"

कात्री चालली. दुकानात तेवढाच आवाज होता. पट्टीच्या मधोमध इस्त्रीची घडी होती, त्याच्या हातची, अजून कडक. बाईंनी ती मोडू दिली नाही, तशीच चौकोनावर टाचली.

पँट परत हँगरला गेली, एका पायाचे धागे लोंबत, दुसरा पाय आत दुमडलेलाच.

अकरा चौकोन भरले. दहा घरांच्या वाटची कात्री केव्हाच चालून गेली होती, ज्याचं त्याचं माणूस आरशासमोर उभं असताना. अकरावी तेवढी आज चालली.