एक्केचाळीस नंबरची फळी

शाळेनं ब्रिस्बेनहून मागवलेलं खेळण्यातलं विमान बनवायचं पाकीट टोपाइवूनं आपेलिस सरांच्या टेबलावर परत नेऊन आपटलं, तेव्हा तो जे बोलला ते शेजारच्या तीन वर्गांनी ऐकलं.

"बाल्साचं लाकूड? आणि बाहेरून? अहो सर, आपल्या बेटावर केरेवाटला बाहेरून बाल्सा आणायचा म्हणजे समुद्राला मीठ विकायचं! माझ्या बागेत चारशे झाडं उभी आहेत. माझी भाची माझ्याच झाडाचं विमान करील."

सर शांत माणूस. म्हणाले, "पाकिटं मोजून आलीत, टोपाइवू. त्या नवीन आलेल्या मुलाला एक कमी पडतंय. तुम्ही हे परत केलंत तर ते त्याला जाईल."

"द्या! खुशाल द्या!"

भाची रोडा दारात उभी होती. ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. आमच्यात मूल आईच्या कुळाचं, जमीन मामाकडून भाच्यांकडे जाते, आणि भाचीच्या शाळेचं मामा ठरवतो. मामा बोलला म्हणजे बोलला.

प्रकल्प साधा होता. बाल्साची, म्हणजे कापसासारख्या हलक्या लाकडाची, पातळ फळी घ्यायची, तिचे पंख, शेपूट आणि मधली काठी कापायची, चिकटवायची. इंजीन नाही, रबर नाही, नुसतं हातानं सोडायचं. शुक्रवारी शाळेच्या पायऱ्यांवरून प्रत्येकानं तीनदा सोडायचं आणि वीस पावलांवरच्या व्हॉलीबॉलच्या जाळीपलीकडे ते एकदा तरी गेलं पाहिजे. नाही गेलं तर शून्य. आणि नववीत जागा कमी, म्हणून हे गुण नववीच्या प्रवेशाला धरणार होते.

त्या जागेची तळमळ रोडापेक्षा टोपाइवूला जास्त होती. तो स्वतः आठवीतच होता, तेव्हा ज्वालामुखी फुटला. शाळेवर खिडक्यांपर्यंत राख आली, गाव उठून इकडे आलं, आणि त्याचं दप्तर गेलं ते गेलंच. पुढे त्यानं बाल्सा लावला. "मी नाही, पण माझी भाची शिकेल," हे तो इतक्या वेळा म्हणायचा की त्याच्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल.

भाचीची आई एस्टर, म्हणजे टोपाइवूची धाकटी बहीण, बाल्साच्या गिरणीत कामाला होती. घरं शेजारी शेजारी, मध्ये जास्वंदीचं कुंपण. पण भावाबहिणीचं बोलणं दोन वर्षं बंद. का, तर एस्टर गिरणीत सुकलेल्या फळ्या वजन करून पास-नापास ठरवायची. लाकूड पवनचक्कीच्या पात्यांना जातं, फार जड नको आणि फार हलकंही नको. टोपाइवूच्या बागेचा पहिला माल आला आणि त्यातला अर्धा तिनं नापास करून बाजूला काढला. फार हलका म्हणून! सख्ख्या भावाचा माल! हे त्याला ट्रकवाल्याकडून कळलं. झालं, माणूस पेटला. तेव्हापासून दोघं रोडाच्या मार्फत बोलत.

"रोडे, तुझ्या आईला सांग, तिची कोंबडी माझ्या तारोच्या कंदांच्या वाफ्यात शिरली."

"रोडे, तुझ्या मामाला सांग, कोंबडीला वाचता येत नाही वाफा कुणाचा ते."

आणि दोघं चार हातांवर उभे! पोरगी बिचारी मान इकडून तिकडे करून दमायची.

तर सोमवारी दुपारी मामानं बागेतलं एक चांगलं सरळ झाड निवडलं, चार वर्षांचं, आणि पाडलं. एका खेळण्यासाठी अख्खं झाड! त्याची फळी कापली, रंधा मारला. रोडानं फळीवर तळवा ठेवला. गार लागली.

"मामा, ओलं आहे रे."

"ओलं नाही, ताजं आहे. ताजं म्हणजे चांगलं. मासा कसा घेतेस तू?"

मंगळवारभर दोघांनी पंख कापले. पातळ कापायला गेलं की तंतू उसवायचे, म्हणून पंख जाडच राहिले. डिंक धरेना, तेव्हा मामानं सुतळीनं बांधलं. बुधवारी संध्याकाळी रोडानं ओट्यावरून ते सोडलं आणि ते तिच्या पायाशी धपकन पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा धपकन. कुंपणापलीकडे नारळ किसत असलेल्या एस्टरचा हात थांबला आणि परत सुरू झाला.

"वारा नाही आज," मामा म्हणाला.

गुरुवारी सकाळी बघतात तर एक पंख वर वळलेला, एक खाली, आणि मधली काठी केळ्यासारखी वाकलेली. टोपाइवूनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मटकन बसला. सात वर्षं बाल्सा लावला त्यानं. झाड पाडलं की गिरणीचा ट्रक त्याच दिवशी ओंडके घेऊन जायचा. सुकलेला बाल्सा कसा असतो हे त्यानं जन्मात हातात घेऊन पाहिलं नव्हतं. मोठा बाल्सावाला!

"ते पाकीट..." तो म्हणाला.

"सरांनी त्या मुलाला दिलं ना, मामा."

"खुशाल द्या म्हणालो मी." त्यानं कपाळावर हात मारला. "नारळाचा भुसा भरलाय माझ्या डोक्यात! पोरी, तुझी नववी घालवली गं मी."

रोडाला रडू येत होतं, पण मामाचे डोळे भरलेले बघून तिनं आपलं गिळलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"रोडे, तुझ्या आईला सांग..." टोपाइवूनं सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग उठला. खांद्याच्या टोपलीत सुपारी आहे ना ते चाचपलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा जास्वंदीच्या फटीतून पलीकडे गेला.

एस्टर कामावर निघायच्या गडबडीत होती.

"एस्टर," तो म्हणाला. "मला सुकलेलं लाकूड पाहिजे. पोरीसाठी. मी चुकलो."

एस्टर आत गेली. भिंतीवरच्या फळीवरून तिनं कंदील उचलला, प्रार्थनेचं पुस्तक उचललं, आरसा उचलला. मग फळीच काढली आणि बाहेर आणून भावाच्या हातात दिली. रुंद, पांढरी, आणि कोपऱ्यात लाल रंगानं एक्केचाळीस. टोपाइवूच्या बागेचा नंबर.

"हे माझं?"

"मग कुणाचं? नापास लाकूड गिरणी भट्टीत घालते, दादा. हे एक नाही घालू दिलं मी. साहेबाकडून मागून आणलं, डोक्यावर घेऊन चालत आले. तुझ्या पहिल्या झाडाचं होतं ना."

टोपाइवू फळीकडे बघतच राहिला. तिला वजन म्हणून नव्हतं.

"हलकं लाकूड पात्याला चालत नाही, मोडतं," एस्टर म्हणाली. "त्यात तुझा दोष नाही नि माझाही नाही. जमीन चांगली, झाड भरभर वाढलं, एवढंच. हेच सांगायला आले होते त्या दिवशी. तू दार लावून घेतलंस."

टोपाइवूनं वळून भाचीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होती ही फळी?"

"रोज तिच्याखालीच झोपते, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी झाड पाडलंस," रोडा म्हणाली. "नको कसं म्हणू?"

"मीच गप्प केलं तिला," एस्टर म्हणाली. "मामाच्या शब्दावर शब्द नको म्हटलं. पण आज दुपारपर्यंत तू आला नसतास ना, तर कुंपण उपटून मीच आले असते. आणि तुझं डोकंही फोडलं असतं."

"फोडायलाच पाहिजे होतंस," टोपाइवू म्हणाला. त्यानं टोपलीतली सगळ्यात चांगली सुपारी काढून तिच्यापुढे धरली. एस्टरनं ती घेतली, दातानं फोडली, चुना लावला. दोघं ओट्यावर बसून चघळत राहिले. कामाचा ट्रक हॉर्न वाजवून निघून गेला, तरी ती उठली नाही.

शाळा सुटल्यावर तिघं कामाला बसले. एस्टरनं फळीचा तंतू बोटानं बघितला आणि कुठून कापायचं ते दाखवलं. मामानं पातळ पापुद्रा उतरवला. रोडानं पट्टी धरून ब्लेडनं पंख कापले, काचकागदानं कडा घासल्या, दोन्ही पंखांची टोकं जराशी वर धरून चिकटवली. डिंकानं लगेच धरलं. नाकाला चिकणमातीची गोळी लावली आणि पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघितला. पंखावरचा लाल आकडा मामा घासायला गेला, तर रोडानं त्याचा हात धरला.

"राहू दे तो."

शुक्रवारी अख्खी शाळा पायऱ्यांभोवती. ब्रिस्बेनची विमानं एकेक करून उडाली, बरीचशी जाळीपलीकडे गेली, काही अलीकडेच टेकली. रोडानं आपलं सोडलं. ते नाक वर करून चढलं, थबकलं, आणि आठ पावलांवर उलटं पडलं. पोरं हसली. टोपाइवू उठायला लागला, तर एस्टरनं त्याचा सदरा ओढला. "बस खाली! तिला कळतं."

रोडानं नाकाला चिमूटभर माती वाढवली. दुसऱ्यांदा सोडलं. सरळ निघालं, पण जाळीलाच अडकलं. आता एकच संधी. तिनं त्यातली कणभर माती काढून टाकली, विमान डोळ्यांसमोर धरलं, आणि फेकलं नाही, नुसतं हातातून जाऊ दिलं.

गेलं. डोक्यांवरून गेलं, जाळीवरून गेलं, लाल एक्केचाळीस उन्हात दिसत होता, आणि अजून जातच होतं. पार पाण्याच्या टाकीजवळ गवतात टेकलं. सरांनी पावलं मोजली. एकतीस! त्या दिवशी दुसरं कुणीही तिथवर गेलं नाही.

"लाकूड कुठलं हे?" सरांनी विचारलं.

टोपाइवू उभा राहिला. आवाज सोमवारचाच, तीन वर्गांना पुरणारा.

"सर, मी सोमवारी इथे येऊन तोंड सोडलं. आज तेवढ्याच मोठ्यानं सांगतो. माझ्या ओल्या लाकडानं पोरगी बुडाली असती. हे लाकूड माझ्या बागेचं खरं, पण ते माझ्या बहिणीनं भट्टीतून वाचवलं. मी तिच्याशी दोन वर्षं बोललो नाही, आणि तिनं ते घरात लावून त्यावर प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं. तिचे उपकार आहेत माझ्यावर. आणि तुमचेही, सर. माझ्यासारख्या अडाण्याला तुम्ही हाकलून दिलं नाहीत."

एस्टरनं कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं टोक तोंडाला लावलं. रोडा विमान घेऊन पळत आली ती सरळ मामाच्या अंगावर आदळली, आणि गुरुवारपासून गिळलेलं सगळं रडू तिथे बाहेर आलं. मामानं तिला घट्ट धरलं, विमान मात्र हात लांब करून जपून धरलं.

घरी जाताना तिघं एकाच रस्त्यानं चालत होते.

"तुझी भिंत मोकळी झाली," टोपाइवू बहिणीला म्हणाला. "त्या पाडलेल्या झाडाची उरलेली फळी मी छपराखाली सुकत ठेवलीय. वर दोन दगड ठेवलेत. सुकली की लावून देतो."

"तशी सुकवलीस तर वाकडी होईल ती, दादा."

"होईल का?"

"होईलच," एस्टर म्हणाली. "वाकडी झाली तरी आण. लावते मी."