एकशे बाराचा मोजा

सोनीला ब्यूटी पार्लरचा विषय हवा होता. पण अकरावीच्या फॉर्मवर एक रकाना होता : 'घरातलं कोणी उद्योगात आहे का?' तिथे तिने खरं लिहिलं : वडील, धागा कारखाना, अथाल. शाळेच्या शैलजा मॅडमना एवढं पुरलं. त्यांनी तिला टेक्स्टाइल दिलं आणि सुट्टीतल्या ऐंशी तासांच्या इंटर्नशिपसाठी थेट बापाच्याच कारखान्यात धाडलं.

"बापासोबत जाशील, बापासोबत येशील. पालकांच्या जिवाला घोर नाही," मॅडम म्हणाल्या. पालकाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पालक म्हणजे वाल्मिक. साक्रीकडून येऊन एकोणीस वर्षं मशीनपुढे उभा. त्याच्या हिशेबी कारखान्यात दोनच प्रकारची माणसं होती : धागा काढणारी, आणि एसीत बसून त्या धाग्याला नावं ठेवणारी. सोनीला लॅबचा एसी मिळाला. पहिल्याच सकाळी त्याने मोटरसायकलची सीट रुमालाने पुसली आणि म्हणाला, "बसा साहेब." त्यानंतर बोलणं बंद.

लॅबमधलं काम मोज्याचं. वाल्मिकच्या मशीनला दोनशे सोळा जागा, प्रत्येक जागेवर धाग्याचं एक रीळ, म्हणजे बॉबिन, बॉबिनवर जागेच्या नंबरचं स्टिकर. प्रत्येक बॉबिनचा थोडा थोडा धागा घेऊन नंबरवार एकच लांबलचक मोजा विणायचा, निळ्या रंगात उकळायचा, टेबलावर पसरून बघायचा. ज्या जागेत खोट, तिचा पट्टा फिका किंवा गडद. मोज्याला टाच नाही, बोटं नाहीत. एखाद्या अजगराला थंडी वाजली तरच उपयोगाचा.

लॅबच्या प्रमुख तेजस्विनी मॅडम, मुंबईच्या. त्यांनी पहिल्या दिवशी सोनीकडे पाहिलं ते धाग्यात गाठ आल्यासारखं.

"शाळा पोरं पाठवते, आणि मी आया. ऐक, डायरीत रोज स्वतःचं निरीक्षण पाहिजे. गूगलचं नको. निरीक्षण नाही, तर शेवटी सही नाही."

सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलचे पन्नास मार्क नाहीत, आणि पन्नास मार्क नाहीत म्हणजे अकरावी पुन्हा. सोनीने लिहिलं, 'आज मोजा पाहिला.' दुसऱ्या दिवशी, 'आजही पाहिला.' तिसऱ्या दिवशी, 'मोजा निळा होता.'

"वा," मॅडम म्हणाल्या. "उद्या लिही, आकाशपण निळं आहे. सायंटिस्ट होशील."

असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी जेवताना वाल्मिक भडकला. एकशे बारा नंबरची जागा सोमवारपासून बंद, बेअरिंग गेलेलं, मेकॅनिकला तीनदा सांगितलं तरी फिरकत नाही. हे तो सोनीला सांगत नव्हता, वरणाला सांगत होता. पण वरण सोनीच्याही ताटात होतं.

दहाव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी मोजा पसरला आणि सोनी एकशे बाराच्या पट्ट्यावर थांबली. अख्ख्या मोज्यात तोच सगळ्यात सुंदर होता. तिने सोमवारपासूनच्या तपासणीच्या शीट काढल्या. चारही दिवस एकशे बारा : उत्तम. खाली तेजस्विनी मॅडमची सही. बंद पडलेली जागा आठवडाभर कारखान्याची अब्रू राखत होती.

ती तडक खाली मशीनवर गेली.

"एकशे बाराचं बॉबिन कुठून येतं?"

वाल्मिकने मान वळवली नाही. "सुपरवायझर म्हणे, जागा बंद दाखवायची नाही. मंग चाळीस नंबरच्या जागेच्या जादा बॉबिनला एकशे बाराचं स्टिकर. सगळेच लावतात. शाळेत नाही शिकाडलं?"

"मला आज निरीक्षण द्यायचंय."

"दे ना. बापाचं नाव मोठ्या अक्षरात लिही."

"नाही दिलं तर मी नापास."

"मंग हो. मी चौथीत झालो, मेलो का?" आणि मग मशीनपेक्षा मोठ्या आवाजात : "तू मन्ही पोर शे का कंपनीनी?"

सोनी वर आली आणि लिहिलं : 'एकशे बारा बंद आहे. तरी तिचा धागा सर्वांत चांगला येतो.' नाव कुणाचंच लिहिलं नाही.

मॅडमनी वाचलं. ओरडल्या नाहीत. उठून दार लोटलं, तेव्हा सोनीला खरी भीती वाटली.

"हे पान फाड. आणि या चार शीटवर 'तपासणी' पुढे जागा रिकामी आहे, तिथे तुझी सही कर. शाळेची पोरगी होती, चुकली, विषय संपला. मग मी तुझ्या डायरीवर करते."

"सोमवारी तर मी फक्त मोजे उकळत होते."

"आता तपासलंस ना? कर."

सोनीने पेन घेतलं. पन्नास मार्क. खाली बाप. तिने 'सो' लिहिला. तेवढ्यात दार उघडलं.

वाल्मिक भांडायलाच आला होता. पोरीने नाव लिहिलं असणार, याची त्याला खात्री होती. "काय लिहिलं ते दखाड," म्हणत तो टेबलाशी आला, आणि मग त्याला शीट दिसली, पेन दिसलं, अर्धवट 'सो' दिसला. त्याने शीट ओठ हलवत वाचली. मॅडम म्हणाल्या, "वाल्मिक, मशीन सोडून आलात?"

"मशीन चालू शे. एकशे बारा सोडून." त्याने सोनीच्या हातातून पेन ओढलं. "मॅडम, खोटं स्टिकर मी लावलं. तेवढी सफाई यायला एकोणीस वर्षं लागली. हिला दहा दिवसांत येईल? हिला शाळा बुडवायची तर खोटा खोकलाही नीट जमत नाही."

सोनीचा 'सो' खोडून त्याने खाली लिहिलं, '११२ बंद. बॉबिन ४० चं. वाल्मिक.' चारही शीटवर, तेलकट बोटांनी.

"आता तिच्या वहीवर करा. निरीक्षण खरं शे, मीच साक्षीदार."

आपली सुटका कागदावर आलेली पाहून मॅडमनी सही केली, इतकी दाबून की ती मागच्या पानावरही उमटली. शेरा : 'वर्तन समाधानकारक.' त्याच पेनने त्यांनी वाल्मिकचा मेमो भरला. तीन दिवस घरी.

संध्याकाळी आमलीच्या अलीकडे वाल्मिकने गाडी थांबवली.

"उतर."

"का?"

"मेमोवाला माणूस साहेबाला बसवून फिरत नाही."

सोनी उतरली. "मी सांगितलं होतं का मध्ये पडायला?"

"तू 'सो' लिहिलास!" तो किंचाळला. "आणखी एक अक्षर आणि गेली होतीस! अक्कल शे का?"

मग तो निघाला, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. मागून ट्रक हॉर्न मारत होते. तो त्यांना शिव्या देत होता, मधूनमधून मागे वळून सोनीलाही. सोनी डायरी छातीशी धरून दहा पावलं मागून चालत होती आणि प्रत्येक शिवीला उलट उत्तर देत होती. दहा दिवसांत घरच्या वाटेवर दोघं पहिल्यांदाच बोलत होती.