निरोपाचा प्रयोग

"पायाच्या ठशांवरून ओळखला मी त्याला," स्टेजवरचा जगदेवराव गरजला आणि धारच्या शाळेच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. खरे जगदेवराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

संस्थान होतं तेव्हा दरोडेखोर पकडायला बारा जणांचं खास पथक होतं. जगदेवराव त्यातले हवालदार. चिंतामणी मास्तरांनी त्यावर दहा भागांचं नाटक लिहायला घेतलं, महिन्याला एक भाग, रविवारी दुपारी. दोन भाग झाले आणि वरून हुकूम आला, पोलिसाचा पोशाख नाटकात घालायचा नाही. संपलंच मग. निरोपाचा म्हणून पहिला भाग आज पुन्हा, साध्या कपड्यांत, आणि नंतर जगदेवरावांचा सत्कार.

ठशांची गोष्ट खोटी होती. ती त्यांनीच मास्तरांना सांगितली होती.

खरं असं, की गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलं होतं. आपण मराठे, बदनावरला धान्याचा व्यापार, असं नवरा सांगायचा. शेजारच्या इंदूबाईंकडे हळदीकुंकवाला त्याची बायको आली. ओटी भरताना तिनं पदर पुढं केलाच नाही, नारळ सरळ हातात घेतला. जगदेवरावांची बायको रुक्मिणी तिथंच होती; तिनं घरी येऊन त्यांना सांगितलं, "ती बाई आपल्यातली नव्हे. जरा बघा तुम्ही." पथक दोन वर्षं ज्याला रानोमाळ शोधत होतं, तो माणूस त्यांच्या घरापासून चार दारांवर सापडला. जगदेवरावांना बढती मिळाली.

ते मास्तरांना ठशांचं सांगत होते तेव्हा रुक्मिणी आतल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

पहिला प्रयोग तिनं बायकांत बसून पाहिला. घरी आल्यावर जगदेवरावांनीच विषय काढला. बाईचं काम करायला मिशी काढणारा कोणी मिळेना, म्हणून तुझं तेवढं गाळलं, असं काहीतरी म्हणाले.

"मी काही विचारलं का?" ती म्हणाली आणि ताट वाढलं.

त्या प्रयोगानंतर बाराव्या दिवशी ती तापानं गेली.

आज खांद्यावर शाल पडली आणि दोन शब्द बोला म्हणून मास्तरांनी आग्रह केला. जगदेवराव उभे राहिले.

"ठसेबिसे काही नव्हते. पथकानं त्याला शोधला नाही. माझ्या बायकोनं शोधला. मी तिचं नाव लपवलं."

मागून कोणीतरी शेजारच्याला हळूच म्हणालं, "काकी गेल्यापासून असंच चाललंय त्यांचं, भिया. दिल पे ले लिया." मास्तरांनी जगदेवरावांच्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांना सांगितलं, की बघा, आपला पराक्रमसुद्धा हा माणूस दिवंगत पत्नीच्या ओटीत घालतो. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

खरं काय ते त्या हॉलमध्ये आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. इंदूबाई दारात थांबल्या होत्या.

"हे ती होती तेव्हा बोलायला काय जात होतं, भावजी?"

इंदूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या निघून गेल्या.

लोक पांगले. बायकांच्या बाजूची सतरंजी तशीच पसरलेली होती. जगदेवरावांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि वाकून सतरंजीचं एक टोक उचललं. एवढी मोठी सतरंजी, घडी घालायला दोन माणसं लागतात. थोडा वेळ ते टोक धरून उभे राहिले. मग गुडघे टेकले आणि एकट्यानंच ती गुंडाळत निघाले.