माझी कापलेली पट्टी

मी एक जुनी लाकडी आडभिंत आहे. मित्रांनो, भिंत म्हटले की तुम्हाला काहीतरी भक्कम वाटेल; मी आहे नुसत्या पट्ट्यांची. एका लांबट गोठ्याच्या मधोमध उभी असते. दाराकडच्या बाजूला दोन बकऱ्या, पलीकडे कोंबड्या आणि बदके. इकडून शिंगे, तिकडून चोची. आता खिळेसुद्धा ठणकतात, पण सांगायचे कोणाला?

जनावरे पाळणाऱ्या अक्काने सुतार बोलावून मला जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून बनवून घेतले. पक्ष्यांना ये-जा करायला माझ्या पायाशी एक खिडकी ठेवली, कोंबडी वाकून जाईल एवढीच. तिच्या खाली उंबरठ्यासारखी एक आडवी पट्टी. एका छपराखाली नांदायचे तर प्रत्येकाची खोड सांभाळावी लागते, हे अक्काला पक्के ठाऊक. कोंबड्या उंच दांडीवर झोपत, बदके खाली पेंढ्यात. बदके पाणी दिसले की चिखल करणार, म्हणून पाण्याचे घमेले अंगणात. ओल्या पेंढ्याने कोंबड्या आजारी पडतात. आणि कोंबड्यांचे दाणे बकरीच्या तोंडी लागता कामा नयेत, कारण पोटभर धान्य खाल्ले तर ती फुगून मरायचीसुद्धा. हे राखणीचे काम माझे.

वर्षानुवर्षे मी ते निमूटपणे केले. येणारे-जाणारे अंड्यांचे कौतुक करीत. माझ्याकडे फक्त धाकटी बकरी यायची, तीही पाठ खाजवायला. आई मेल्यावर अक्काने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

मग एका बदकाचा पाय दुखावला. रोज संध्याकाळी ते माझ्या पट्टीशी अडखळून तोंडावर पडे. अक्काच्या धाकट्या भावाला ते बघवेना. त्याने करवत आणली आणि पट्टी कापून टाकली. बदक डुलत डुलत आत गेले. भाऊ खूश झाला. मला मात्र भीती वाटली, पण लाकडाला कुठे बोलता येते?

सकाळी धाकटी बकरी आडवी पडलेली. गुडघे टेकून, मोठ्या झालेल्या खिडकीतून मान घालून तिने दाण्यांचे भांडे साफ केले होते. पोट ढोलासारखे ताठ.

"अरे, कापताना हिची आठवण नाही झाली तुला?" तिच्या पोटावरून हात फिरवत अक्का म्हणाली.

"बदक पडत होतं गं अक्का. मला तेवढंच दिसलं."

जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घालून पोटातला वारा काढला, औषध पाजले. दिवसभर अक्का तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. भाऊ दाराशी उभा होता, जेवलाही नाही. दिवस मावळताना बकरीने हळूच रवंथ सुरू केला, तेव्हा तो मटकन खाली बसून रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला नवी पट्टी ठोकली. आता रोज संध्याकाळी तो त्या बदकाला उचलून पलीकडे ठेवतो.

मित्रांनो, मी थकले आहे. माझ्या जागी खुशाल नवी आडभिंत बसवा. पण एकाची कीव आली म्हणून दुसऱ्याची राखण कापू नका. वाकायला तुमची कंबर आहे, उचलायला दोन हात आहेत. तेवढे कष्ट घ्या.