आधीच पाहिलेला सिनेमा

आमच्या ह्यांना रहस्यपटांचं भारी वेड. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मला थेटरात नेलं, तेही खुनाच्या सिनेमाला. इतरांचे नवरे बागेत नेतात. पण अशा सिनेमात हात धरायला निमित्त शोधावं लागत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

पुढे त्यांची नजर गेली. हळूहळू, पण पुरती. पेपर सुटला, कॅरम सुटला, शिलाईचं दुकान भाच्याकडे गेलं. उरला सिनेमा. टीव्हीवर काय चाललंय ते मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं. माझी सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. गाडी कुठे लागणार हे आधी कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी सवय. म्हणून ते दुपारी झोपले की मी कानात इअरफोन घालून सिनेमा बघून ठेवायची. संध्याकाळी सांगताना अडखळायला नको.

"डॉक्टर खोलीत आले," एवढं म्हटलं की हे लगेच म्हणायचे, "खुनी हाच."

"कशावरून?"

"तुझा आवाज एकदम साळसूद झालाय."

दर वेळी माझं बिंग फुटायचं. आवाज सपाट ठेवून पाहिला, बिचाऱ्या मोलकरणीवर उगाच संशय टाकून पाहिला. काही उपयोग झाला नाही. एके संध्याकाळी अर्ध्यातच ते म्हणाले, "बंद कर गं. राहू दे आता सिनेमे."

एवढंही सुटलं तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसेल. भीती वाटली की मी भांडते, तशी भांडले.

"रोज दुपारची झोप मोडून बघते मी, त्याचं काहीच नाही तुम्हाला."

"तेच तर," ते शांतपणे म्हणाले. "तुला सगळं आधीच ठाऊक असतं. मी एकटाच घाबरतो. पूर्वी तू शेजारी बसून घाबरायचीस, त्यात मजा होती. खून काय, कुणाचाही होतो."

फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ ताणून दिली आणि संध्याकाळी न पाहिलेला सिनेमा लावला.

सांगण्याचा नुसता बोजवारा उडाला. "एक बाई आहे. नाही, दोन आहेत. थांबा हो, ही तिची बहीण असेल." हे मात्र खुशीत, पाय वर घेऊन बसलेले. मग ती बाई खोलीत एकटीच केस विंचरू लागली. तिच्या मागे कपाटाचं दार हळूच किलकिलं झालं. मला दिसलं, तिला पत्ताच नाही.

"अहो, तिच्या मागे कपाटाचं..." म्हटलं आणि माझी वाचाच बसली.

"काय आहे मागे? अगं, बोल ना. दार उघडलं का?"

"मला काय माहीत. मी डोळे मिटलेत."

ते पोट धरधरून हसायला लागले. तेवढ्यात टीव्हीतून दार करकरल्याचा आवाज आला. हसू जागीच थांबलं आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. बाई किंचाळली.

"सिनेमा मागे नेऊन बघू का काय झालं ते?" मी विचारलं.

"मुळीच नको," ते म्हणाले. "मिटलेलेच असू देत डोळे. आत्ता कुठे बरोबरीला आलो आपण."