टाकीवरचा संशयी मीटर

मी एक जुना पाण्याचा मीटर आहे. मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी तरी कुठे कुणावर ठेवला!

लोखंडी अंग, आत फिरते चाक आणि वर जाड काच घेऊन मी कारखान्यातून आलो आणि टेकडीवरच्या टाकीशी बसलो. खालच्या पंपघरातले पाणी माझ्यातून टाकीत चढे आणि तिथून घरोघरी जाई. माझा आकडा पालिकेत शेवटचा मानत. त्यामुळे मी चांगलाच फुगलो होतो.

घरांतल्या मीटरांची बेरीज माझ्यापेक्षा नेहमी थोडी कमी भरे. थोडी गळती असायचीच, पण मला ती गळती वाटत नसे. आकडा टिपणारा कारकून घाईत असला की वाटे, हा काहीतरी लपवतोय. सावकाश टिपू लागला की वाटे, हा पाळत ठेवतोय.

जवळचा माणूस एकच, चावीमामा. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडणे आणि बंद करणे हे त्यांचे काम. रोज ते बाहीने माझी काच पुसत आणि मुलीच्या सासरच्या गोष्टी मला सांगत.

गेल्या वर्षी मात्र तफावत एकाएकी वाढली. शंभर बादल्या टाकीत चढल्या, तर घरांत जेमतेम सत्तर पोचत. तोटा भरून काढायला पाणीपट्टी वाढवायचे घाटू लागले. लोक चिडले. चाव्या ज्याच्या हातात, त्याच्याकडेच बोटे वळली. मामा टँकरवाल्यांना चोरून पाणी देतात, अशी कुजबुज सुरू झाली. शेजारीण मामींना म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय कमी पाण्याला?" मामींनी त्या दारात जाणेच सोडले.

मग नोटीस आली. महिनाभरात खुलासा द्या, नाहीतर नोकरी जाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. त्या दिवशी काच पुसताना मामांचा हात थांबला.

"तू तरी सांग रे, मी घेतलं का?"

आणि मित्रांनो, मला लाज वाटते सांगायला, मी त्यांच्यावरही संशय घेतला. माझाच आकडा चुकत असेल, हे मनाला शिवलेही नाही.

तेवढ्यात नवीन इंजिनिअर बाई आल्या. कुणाच्याही सांगण्यावर त्या भरवसा ठेवत नसत, म्हणून मला त्या फार आवडल्या. त्यांनी जुनी अंदाजपत्रके चाळली. माझ्या अलीकडे पाइपावर एक छोटा व्हॉल्व्ह असे. पाइपात साठलेली हवा तो बाहेर सोडी. तो गंजला, तेव्हा प्लंबरने तिथे बूच मारले होते. नव्या व्हॉल्व्हची मागणी तीन वर्षे लिहिलेली होती आणि तीनही वर्षे लाल शाईने खोडलेली होती. बाईंनी लेखापालांना कारण विचारले.

"हवेसाठी कोण खर्च करतं, मॅडम?" ते म्हणाले.

तफावत वाढली त्याच सुमारास, त्याच लेखापालांच्या सांगण्यावरून, वीज स्वस्त असते तेव्हाच चालवायचा म्हणून, पंप दिवसातून दोनदाऐवजी सहादा थोडा थोडा चालू लागला होता. तो थांबला की पाइपातले पाणी खाली उतरे आणि त्याची जागा हवा घेई.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यापाशी उभ्या राहिल्या. मामांना त्यांनी शिडीने टाकीवर चढवले. खाली पंप सुरू झाला. माझे काटे गरगरा फिरू लागले.

"मामा, मीटर फिरतोय. पडतंय का पाणी?"

मामांनी टाकीत डोकावून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बाई, अजून थेंब नाही."

मी हवा मोजत होतो, मित्रांनो. दिवसातून सहा वेळा पाइपभर हवा मोजायची आणि छाती फुगवून पाणी म्हणून सांगायची!

नोटीस मागे घेतली गेली, दरवाढ टळली. नवा व्हॉल्व्ह बसला. त्याचा खर्च दरवाढीच्या सभेसाठी भाड्याने आणलेल्या खुर्च्यांपेक्षा कमी निघाला.

म्हणून एक विनंती आहे. माणसावर बोट दाखवण्याआधी आम्हा यंत्रांना एकदा उघडून बघा. आमची किरकोळ दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलू नका.

चावीमामा अजून येतात. काच पुसतात. माझा आकडा लिहितात, मग शिडी चढून टाकीतले पाणी काठीने मोजतात आणि तोही आकडा शेजारी लिहितात. मुलीच्या सासरचे मात्र आता काही सांगत नाहीत.