ढिगावरची तूर

"काकू, मातीच्या ढिगावर तूर कावून पेरली?" जेसीबीवाल्या पंडितनं मशीन बंद करून विचारलं.

"पेरली. तुला काय तरास हाय?" मनकर्णा म्हणाली आणि खुरपं घेऊन ढिगावर चढली.

त्रास तिलाच होता. तलवाड्याजवळचं विहिरीखालचं बागायती रान तिच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, विहिरीसकट मुरमासाठी करारानं देऊन टाकलं होतं. मुरूम काढून झाला की खड्ड्याचं तळं होणार, बाजूला ठेवलेली काळी माती काठांवर परत पसरणार, गवत येणार, पाखरं येणार, असं कंपनीच्या साहेबांनी गोडगोड सांगितलं होतं. पाखरांचं मनकर्णाला मेलं काय कौतुक! तिचा जीव त्या ढिगात अडकला होता. शेजारच्या रानातला असाच ढीग गुपचूप वीटभट्टीवर गेला होता. भाकरी थापतानाही तिचे कान ट्रॅक्टरकडे. जरा घरघर ऐकू आली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती पळत सुटायची.

"येडी झालीस का? माती कुटं पळून जाती?" परमेश्वर वैतागायचा.

"रान गेलंच की," ती म्हणायची.

शेवटी मृगात तिनं ढीगच पेरून टाकला. उभ्या पिकावर कोण हात टाकतो, बघू! आणि झालंही तसंच. भट्टीवाल्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हा पंडितनं साफ सांगितलं, "उब्या पिकात बकेट घालू? आमीबी रानातलेच हावोत." ट्रॅक्टर रिकामा परत गेला.

तूर फुलून शेंगांना लागली, तोवर खड्ड्यात पाणी चढलं होतं. एका सकाळी पंडित खाली मान घालून आला.

"काकू, आज माती पसराय सांगितलंय. पर शेंगा कवळ्या हायत. थांबू का थोडे दिस?"

तेवढ्या दिवसांत साहेबांचं मन फिरलं आणि माती भट्टीवर गेली, तर?

"थांबू नगंस," ती म्हणाली. विळा घेऊन तिनं हिरवी तूर स्वतःच्या हातानं कापली. डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळी माती काठावर पसरली. मनकर्णाला किती तरी दिवसांनी हायसं वाटलं. पंडित तिच्याशेजारी येऊन टेकला.

"काकू, तुमची हीर कुटं होती ओ?"

नवी नवरी होती तेव्हापासून डोळे मिटूनही ती त्या विहिरीवर जायची.

"ती काय, तितं," म्हणत तिनं हात उचलला. समोर नुसतं पाणी होतं. हात थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, आणि तसाच थांबला.